निवृत्त गुरुजींचं गावकाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

निरोपाची शाल आणि श्रीफळ घरी येतं, आणि दुसऱ्या दिवसापासून "सर, आता तुम्ही मोकळेच की!" म्हणत माणसं दारात उभी राहतात. या मोकळेपणातून अंगावर आलेल्या कामांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली आठ इथे घेतली आहेत. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतून मे अखेरीस निवृत्त झालो. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, गावचं वाचनालय आणि एक पतसंस्था, चौघांनीही अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली आहे. कुणाला नाही म्हणू?

उत्तर : पतसंस्थेला. बाकी तिघांचं नंतर बघू. पतसंस्थेला तुम्ही हवे असता ते तुमच्या नावावर गावाचा विश्वास आहे म्हणून. पण कर्जवाटपाच्या ठरावावर सही तुमची असते, आणि सहकार कायद्याच्या कलम 88 खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः निश्चित करता येते. ताळेबंद, थकबाकीची यादी आणि लेखापरीक्षण अहवाल वाचायची सवय आणि वेळ असेल तरच त्या खुर्चीत बसा. "सर, तुम्ही फक्त सही करा" हे वाक्य ऐकू आलं की उठा.

आधी स्वतःचे कागद. निवृत्तिवेतनाचा आदेश, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणं), गटविम्याचे पैसे, हे सगळं हातात पडेपर्यंत दुसऱ्यांच्या कागदांना हात लावू नये. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. गावभर लोकांना त्याची आठवण करून देणारे गुरुजी स्वतःचा विसरतात, असं होतं.

मग एकच काम निवडा. दिवसाला दोन तास आणि महिन्याला खिशातून ठरावीक रक्कम, ही दोन्ही मापं घरी सांगून ठरवा. रक्कम पाचशे असो की दोन हजार, पण ती ठरलेली हवी. उपदानाच्या पैशातून समाजकार्य सुरू करणाऱ्यांची घरं तिसऱ्या वर्षी कुरकुरू लागतात, आणि त्यात घरच्यांची चूक नसते. आणखी एक : पहिलं वर्ष अध्यक्षपद नको, चिटणीसपद घ्या. काम चिटणीसाकडे असतं. हार अध्यक्षाला पडतात.

प्रश्न : ग्रामपंचायतीने जुन्या चावडीची खोली दिली. आवाहन केलं तर अकराशे पुस्तकं जमली. दोन लाकडी कपाटांत कोंबून ठेवली आहेत. मुलं येतात, बघतात, जातात. पुढे काय करावं?

उत्तर : आधी पुस्तकं कमी करा. देणगीत आलेल्या ढिगात जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, सात वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची चालू घडामोडी आणि एकाच पोथीच्या अकरा प्रती असतात. अकराशेतली चारशे ठेवण्याजोगी निघाली तरी नशीब चांगलं समजा. बाकीची रद्दीत घालताना देणगीदाराचं मन दुखेल असं वाटत असेल तर पुढच्या वेळी पुस्तकं घेतानाच सांगा : "निवड आम्ही करू."

ठेवलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पानं, किंमत, कुणाकडून आलं. क्रमांक एकदा दिला की पुस्तक हरवलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि एका ठरावीक "गुप्त" पानावर, समजा प्रत्येक पुस्तकाच्या पंचविसाव्या पानावर. पहिलं पान फाडून पुस्तक पळवणाऱ्याला दुसरा शिक्का माहीत नसतो.

वर्गीकरणासाठी मोठ्या ग्रंथालयांतली दशांश पद्धत (प्रत्येक विषयाला आकडा देण्याची) चारशे पुस्तकांना जड होते. कण्यावर रंगीत पट्ट्या चिकटवा : मुलांची पिवळी, कथा-कादंबरी निळी, शेती हिरवी, चरित्रं लाल. निरक्षर आजीसुद्धा पुस्तक जागेवर ठेवू शकते.

मुलं बघून जातात याचं कारण बहुधा कपाट आहे. कुलूप, काच, आणि खाकी कव्हरं. खाकी कव्हर घातलं की चित्र झाकलं जातं आणि सगळी पुस्तकं सारखी दिसतात. पारदर्शक प्लॅस्टिक घाला. मुलांची पुस्तकं जमिनीपासून तीन फुटांच्या आत, उघड्या फळीवर, तोंड पुढे करून मांडा. तीन फूट लांब फळीवर कणा पुढे ठेवून तीस-पस्तीस पुस्तकं बसतात, तोंड पुढे केलं तर पाच-सहा. म्हणून सगळी नव्हे, आठवड्याला पाच-सहा बदलून मांडायची. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक मिळाले तर ते दोरीवर चिमट्यांनी टांगा. पहिले तेच जातील.

चावडीची खोली म्हणजे ओल आणि वाळवी आलीच. लाकडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली दगडी चिपा घाला. कपाटाच्या मागून मातीची बारीक नळी वर चढताना दिसली की ती वाळवीची. नुसती पुसून उपयोग नाही, जमिनीतच औषध सोडावं लागतं. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात खोलीची दारं-खिडक्या उघडून पुस्तकं झटका. थेट कडक उन्हात मात्र वाळत घालू नका, डिंक सुटतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळतं. पण अनुदान मिळेल या भरवशावर वाचनालय काढू नका. तसं काढलेलं वाचनालय तपासणीच्या दिवशी उघडतं. आणि गावातली पोरं अभ्यासिका मागतील तेव्हा ती वेगळी गोष्ट आहे हे ध्यानात ठेवा. त्यांना पुस्तकांहून जास्त गरज असते ती उजेडाची, मोबाइल चार्ज करायच्या जागेची, शांततेची आणि स्वच्छतागृहाची. एकाच खोलीत दोन्ही केलं की मुलांच्या गोष्टी सांगणं बंद पडतं. वेळा वाटून द्या.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या वाडीवर बायकांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी 22 आल्या, पंधराव्या दिवशी 5. मी चिडत नाही, प्रेमानेच शिकवते. तरी गळती का?

उत्तर : बाई, आधी त्यांचे डोळे तपासा. चाळिशी उलटली की जवळचं दिसायला त्रास होतो. शिकलेली बाई चष्मा लावते, न शिकलेलीला कधी गरजच भासलेली नसते. तिच्यापुढे पाटी धरली की अक्षरं पसरतात, आणि ती म्हणते, "आमच्या डोक्यात काय शिरत नाही." वाचता न येणाऱ्याची नजर कशी तपासायची? सुईत दोरा ओवायला द्या. किंवा ताटात मूठभर तांदूळ टाकून खडे वेचायला सांगा. हात लांब करून, मान मागे घेऊन बघत असेल तर उत्तर मिळालं. पन्नाशीच्या आसपास साधारण अधिक दीड ते दोन नंबर लागतो, साठीला अडीचच्या पुढे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी होते. एका फेरीत आठ-दहा जणींना घेऊन जा. तयार चष्मा बाजारात स्वस्त मिळतो, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि मोतीबिंदू नसेल तरच तो चालतो, म्हणून तपासणी आधी.

दुसरं कारण वेळ. दुपारी तीनची वेळ तुमच्या सोयीची आहे. खुरपणीच्या, कापणीच्या दिवसांत त्या रानात असतात. रात्री साडेआठ ते साडेनऊ ठेवा, आठवड्यात चारच दिवस, आणि सुगीत महिनाभर सरळ सुट्टी जाहीर करा. सुट्टी जाहीर केली की बाई परत येते. न सांगता खाडा झाला की लाजेने येत नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती, कुरणशाळा. रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बसलात तर पाचाच्या पंधरा होतील.

तिसरं, बाराखडीपासून सुरुवात करू नका. पहिल्या दिवशी बाईला स्वतःचं नाव लिहून द्या, मोठ्या अक्षरात, पुठ्ठ्यावर. नावात जोडाक्षर असलं (लक्ष्मी, कृष्णाबाई) तरी बिघडत नाही, सुरुवातीला ते चित्र म्हणून गिरवायचं. मग ग, म, भ, न यांसारखी वळणाला जवळची अक्षरं आणि त्यांतून होणारे विनाकान्याचे शब्द : नग, गगन, मग. पुढे क, ळ, र, स आले की कमळ, नळ, रस, मका. मका म्हणताच काना आला. वेलांट्या नंतर, जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. त्यांतही र ची रूपं (प्र, र्प, ट्र, ऱ्या) एका दिवशी एकच.

अंकांना मराठी-इंग्रजी दोन्ही लागतात, कारण मोबाइलवर इंग्रजी आणि एसटीच्या पाटीवर बरेचदा मराठी. तोंडी हिशेब त्यांचा तुमच्याहून पक्का असतो. तो शिकवायला जाऊ नका, अपमान होतो. फक्त डोक्यातला हिशेब कागदावर कसा उतरवायचा ते दाखवा. वाचनाला पाठ्यपुस्तकाआधी रेशनची पावती, वीजबिल, बँकेची पैसे काढायची चिठ्ठी. बाई ज्या दिवशी पावतीवर "गहू" वाचून वजनाचा आकडा बोट ठेवून दाखवते, त्या दिवसानंतर ती सहसा वर्ग सोडत नाही.

सरकारी 'उल्लास' कार्यक्रमात 15 वर्षांपुढच्या निरक्षरांची नोंदणी होते आणि शिकवणारा स्वयंसेवक म्हणून तुमचीही. शेवटी चाचणी 150 गुणांची : वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, प्रत्येकात 33 टक्के. चाचणी झाली की वर्ग संपला असं धरू नका. 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, गावंच्या गावं साक्षर म्हणून जाहीर झाली. पण ज्यांच्या हाती पुढे वाचायला काही आलं नाही ते अक्षर विसरले. परीक्षेनंतर आठवड्यातून एक रात्र वाचनाची चालू ठेवा, वर्षभर तरी.

प्रश्न : गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात ते कधी नुसतं पोतं रिकामं केल्यासारखं, कधी महिनाभर नाहीच. मी गणिताचा शिक्षक होतो. नेमकं प्रमाण काय, आणि हे मी करू का?

उत्तर : टाकायचं काम तुमचं नाही. ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. हिशेब आणि तपासणी मात्र तुमच्यासारखा माणूस नसला की होत नाही.

गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायला : व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785, सगळी मापं मीटरमध्ये. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर असेल तर 4 × 4 × 3 × 785 म्हणजे 37,680 लिटर. ताज्या, चांगल्या टीसीएलचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे या विहिरीला साधारण 95 ग्रॅम. 50,000 लिटरच्या टाकीला 125. खोली दर आठवड्याला बदलते, म्हणून दोरीला दगड बांधून मोजायची आणि काठावर रंगाने तक्ता लिहून ठेवायचा : पाणी 2 मीटर – 63 ग्रॅम, 3 मीटर – 95, 4 मीटर – 126. आपल्या विहिरीचा व्यास घालून आकडे काढा. जलसुरक्षकाला गुणाकार करायला लावू नका. तागडी नसेल तर एक डबी एकदाच किराणा दुकानात तोलून तिच्यावर खूण करा.

पावडर थेट विहिरीत ओतली की काय होतं? चुना तळाशी बसतो, पावडरीच्या गुठळ्यांतला क्लोरीन वाया जातो, आणि वरच्या थरातलं पाणी पिणाऱ्याला वास येतो. लोक तक्रार करतात, मग टाकणंच बंद पडतं. प्लॅस्टिकच्या बादलीत (पत्र्याची नको) आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून पेज करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाच-दहा मिनिटं थांबलं की चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आडवी हलवायची. खालचा चुना विहिरीपासून लांब टाकायचा. वारा तोंडावर येईल असं उभं राहू नये, हाताला रबरी मोजे. वेळ संध्याकाळची, शेवटची घागर भरून झाल्यावर. निदान तासभर पाणी उपसायचं नाही.

मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) तपासणी, पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते बघायची. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, आणि लगेच, दहा-पंधरा सेकंदांत रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. काहीच नाही तर नाही. गडद नारिंगीकडे गेला तर जास्त झाला. पाच मिनिटांनी उमटणारा रंग खरा धरू नका. पाण्यात घाण असली की तिच्याशी जोडला गेलेला क्लोरीन उशिरा रंग देतो, त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. विहिरीत तासाभराने पिवळा रंग आला आणि वस्तीच्या शेवटच्या नळाला आला नाही, तर कुठेतरी गळती आहे किंवा नळ गटारातून जातो. म्हणून तपासणी तीन जागी : टाकीजवळ, मधल्या आळीत आणि शेवटच्या घरी. पहिल्या घराच्या नोंदीवर सगळ्या गावाचं पाणी शुद्ध लिहिणं ही नेहमीची चूक. ओटीचं द्रावण विषारी आहे. नळीतलं पाणी मातीत ओतायचं, आणि शाळेत प्रात्यक्षिक दाखवताना बाटली मुलांच्या हाती द्यायची नाही.

प्रमाण बरोबर असूनही रंग येत नसेल तर पावडर मेलेली आहे. नव्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि उरतो चुना. ग्रामपंचायतीत सहा महिन्यांची पोती पत्र्याखाली रचलेली असतात, तिथेच घोळ आहे. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, सावलीत, दोन महिन्यांपुरतीच मागवायला लावा. पुराच्या किंवा पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात हेच प्रमाण पुरत नाही. दुप्पट करून ओटी बघावी लागते, रंग येईपर्यंत.

वर्षातून दोनदा आरोग्य खात्याची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला पाण्याच्या धोक्याप्रमाणे लाल (जास्त), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कुठलं आहे ते विचारा. तुमची तीन जागांची वही त्या वेळी टेबलावर ठेवली की बोलणं लवकर संपतं.

प्रश्न : वस्तीकडचा काँक्रीट रस्ता आठ महिन्यांत उखडला. माहितीचा अधिकार वापरून चौकशी करायची आहे. दोन पानी अर्ज लिहिला, "माहिती प्रश्नार्थक आहे" म्हणून परत आला.

उत्तर : शिक्षकाचा अर्ज हमखास निबंध होतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. "रस्ता का उखडला? जबाबदार कोण?" हे विचारायचं नाही. उत्तर असलेले कागद मागायचे. तुमच्या कामासाठी चार पुरतात : मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली या कामाची पानं, पूर्णत्वाचा दाखला. रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कुठलं आर्थिक वर्ष, एवढं ठळक लिहा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. प्रतींना पानाला 2 रुपये.

रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामाचा हे आधी बघा. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण तुमचा वेळ जातोच. 30 दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्यावरही समाधान नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अपिलाची मुदत चुकली की चांगली प्रकरणं तिथेच बसतात. अर्ज केला त्याच दिवशी तिन्ही तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून टाका.

मोजमाप पुस्तिका हाती आली की उखडलेल्या कडेला पट्टी लावा. पुस्तिकेत जाडी 15 सेंटिमीटर आणि पट्टीवर 9 असेल, तर पट्टी दिसेल असा फोटो काढा. मग भाषणाची गरज नाही. हे सगळं ग्रामसभेत मांडा, एकट्याने कार्यालयात खेटे घालू नका. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, सूचना सात दिवस आधी लागते, गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी कमी असेल ती. विषय लेखी, आधी, पोच घेऊन द्या. आणि इतिवृत्त लिहून वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. हजेरीच्या कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठराव मागून लिहिले जातात, हे काही कुणाला नवीन नाही.

प्रश्न : आमच्या कामासाठी संस्था नोंदवावी का?

उत्तर : वर्षभर काम करून बघा, मग. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दोन्हीकडे नोंद होते, दोन्ही कागद धर्मादाय कार्यालयाच्या अखत्यारीत. नोंदणी सोपी आहे, सांभाळणं जिकिरीचं. दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज. गावोगावच्या संस्था इथे अडकतात. सातांतले तीन वारतात, कुणी अर्ज करत नाही, आणि दहा वर्षांनी बँक म्हणते की कागदावरचे सहीवाले आणा. ते कुठून आणणार?

तोपर्यंत शाळा व्यवस्थापन समिती, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, एखादी चालू संस्था यांच्या छत्राखाली काम होतं. सात जणांत दोन सख्खे भाऊ आणि सूनबाई घालू नका, एवढं मात्र सांगतो.

प्रश्न : ज्येष्ठ नागरिक संघातर्फे नेत्रदानाचे अर्ज भरून घेतले, 140 झाले. दोन वर्षांत 11 सभासद गेले, नेत्रदान एकही नाही.

उत्तर : अर्ज मेलेल्या माणसाने भरलेला असतो, फोन जिवंत माणसाने करायचा असतो. त्या घरात त्या वेळी कुणाला आठवत नाही. म्हणून अर्जाऐवजी मुलगा-सून-शेजारी यांच्याशी बोला आणि जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक दिवाणखान्यातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. पथक येईपर्यंत : पापण्या मिटा, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या, पंखा बंद, डोक्याखाली उशी. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा, जवळच्या नातेवाइकाची संमती आणि दोन साक्षीदार लागतात. काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब-क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. संघात एक माणूस नेमा, ज्याने दुःखाच्या घरी जाऊन विचारायचं. ते धाडस शिक्षकाला जमतं, पालकांना नकोशा गोष्टी सांगायची सवय असते.

प्रश्न : वय 73. वाचनालय, पाण्याची वही, रात्रीचा वर्ग, सगळं मीच बघतो. माझ्यामागे कोण, ही काळजी लागली आहे. तरुण येतात, टिकत नाहीत.

उत्तर : तरुण टिकत नाहीत कारण तुम्ही त्यांना मदतनीस ठेवता. खुर्च्या मांड, बॅनर लाव, सरांचा फोटो काढ. पैशाची वही कधी त्याच्या हाती गेली का? एक काम चुकण्यासकट त्याचं करा. पाण्याची वही त्याच्याकडे द्या आणि तीन महिने उघडून बघू नका. तो ओटीची बाटली उन्हात विसरेल, नोंद दोन दिवस मागून लिहील. त्याला ते जलसुरक्षकाकडून ऐकू द्या, तुमच्याकडून नको.

वैशाखात महिनाभर लेकीकडे जाऊन राहा आणि फोनवर काही सांगू नका. परत आल्यावर जे बंद पडलेलं दिसेल ते तुमच्याशिवाय चालत नव्हतं, त्याची कृती कागदावर उतरलेली नाही. ती उतरवा. दोनशे पानी आठवणी नकोत, बारा पानी वही हवी : कुठल्या तारखेला काय भरायचं, कुणाला भेटायचं, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, टीसीएलचा तक्ता, बँक खात्याचा क्रमांक, कुठल्या रजिस्टरनंतर कुठलं. बँकेत दोन सह्यांचं खातं करा, त्यांतली एक पन्नाशीच्या आतल्या माणसाची असू द्या.

आणि किल्ल्या. एकाच जुडग्यात, तुमच्या सदऱ्याच्या खिशात, कुठली कशाची हे फक्त तुम्हाला माहीत, असं असेल तर या आठवड्यात दुसरा जोड करून घ्या. प्रत्येक किल्लीला पत्र्याची छोटी चकती, चकतीवर ठोकलेला कपाटाचा क्रमांक, तोच क्रमांक कपाटावर ऑइलपेंटने. दुसरा जोड वाचनालयापासून चालत पाच मिनिटांवर राहणाऱ्या कुणाकडेही, फक्त तुमच्याच घरातल्या माणसाकडे नको.